कॅन्सरवर विषाणू सोडायचा? मी म्हणतो, सोडा

मखमलाबादकर :
परवा पंचवटी एक्सप्रेसमध्ये समोर नवरा-बायको होते, मांडीवर रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. परळला, टाटाला निघालेले. बोलता बोलता मी म्हणालो, आता कॅन्सर मारायला विषाणूही वापरतात. बाई चक्क मागे सरकल्या. कोविडनंतर दुसरं काय होणार!
पण अमेरिकेत २०१५ पासून टी-व्हेक मान्य आहे. ताप गेल्यावर ओठावर फोड येतात ना, त्या हर्पिसचाच विषाणू. त्याची दोन जनुकं काढली आणि प्रतिकारपेशींना हाक मारणारं एक घातलं. मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, गाठीत थेट सुई. निरोगी पेशीत त्याला नीट वाढता येत नाही, कॅन्सरच्या पेशीत वाढतो नि ती फोडतो. आता सिंथेटिक बायॉलॉजीवाले, म्हणजे जनुकं जुळवून जीव नव्यानं घडवणारे, अशा विषाणूंना अटीच घालतायत : टेलोमरेज (बहुतेक कॅन्सरपेशींत चालू असणारं एन्झाइम) चालू असेल तरच जागा हो, यकृताच्या पेशीची खूण दिसली तर गप्प बस. आपण यात मागे राहू नये.

गोदाकाठची :
अटी कागदावर छान दिसतात. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर, वय १८, जनुकोपचाराच्या चाचणीत अॅडिनोव्हायरस (सर्दीच्या विषाणूंपैकी एक, जनुक पोचवायला बदललेला) टोचल्यावर चार दिवसांत गेला. गोळ्या आणि पथ्यावर बरा चालला होता पोरगा. आणि टी-व्हेकचे आकडे? टिकाऊ प्रतिसाद, म्हणजे गाठ आटली आणि बरेच महिने तशी राहिली, १६.३ टक्के रुग्णांत. बाकीच्यांचं काय?

मखमलाबादकर :
तुलनेच्या गटात तो २.१ टक्के होता, तेही लिहा की. आणि गेल्सिंगरला कॅन्सर नव्हता, यकृताचा आनुवंशिक आजार होता. डोस गाठीत नाही, यकृताच्या धमनीत दिला होता.

निफाडचा बागवाला :
मी शेतकरी माणूस, पण विषाणू दरसाल फवारतो. हरभऱ्यावर घाटेअळीला एचएनपीव्ही, म्हणजे त्या अळीला रोग लावणारा विषाणू. संध्याकाळीच मारायचा, उन्हात तो टिकत नाही. आठवड्याभरात अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या. काळ्या पडतात, बोट लावलं की फुटून पाणी. मधमाशीला काही नाही, आणि त्याच शेतातले ओले घाटे पोरं खातात. मग एवढं भ्यायचं काय?

गोदाकाठची :
काका, तो मुळातच अळीचा विषाणू, माणसाचा नाहीच. तुम्हाला अळी आख्खी मारायची असते. इथे मारायची पेशी आपलीच, आणि शेजारची वाचवायची.

निफाडचा बागवाला :
हां, हे खरं. अळी नि घाटा एकाच रक्ताचे असते तर मीपण फवारा उचलला नसता.

सातपूरकर :
तुमचं चालू द्या. नेक्सकार१९, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत जनुक घालून त्या कॅन्सरवर सोडायचा उपचार, त्याला आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आयआयटी मुंबई आणि टाटाचं काम. त्यातही जनुक पेशीत पोचवायला पांगळा केलेला विषाणूच. बाहेरच्यापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी बिल लाखांतच. आणि ते रक्ताच्या कॅन्सरला. आपल्याकडे तोंडाचा किती, ते बघा. गुटख्यावर २०१२ पासून बंदी, आमच्या कंपनीच्या गेटसमोर सकाळी सातला पुडी मिळते. भावाला सहा महिने एक डॉक्टर छाल्याचं मलम देत बसला. तुकडा तपासायला पाठवा, एवढं सांगायला कुठला विषाणू लागतो?

मखमलाबादकर :
मुद्दा मान्य, पण त्यासाठी हे संशोधन थांबवायचं का? भाऊंचं तोंड किती उघडतं आता?

सातपूरकर :
थांबवा कुठे म्हटलं. दोन बोटं जातात, कशीबशी. सोमवारी आम्हीपण पंचवटीनंच.