मदत हवी आहे: स्नोमोबिल, हिमस्खलनाचा धोका ५ पैकी ३. जाऊ द्यावं का?

वारजेकर_आई (शुक्रवार, रात्री ९:१०)
मुलगा उद्या मित्रांबरोबर स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी) घेऊन डोंगरात जाणार आहे. चौघे आहेत. धोका ५ पैकी ३ दाखवतात. तो म्हणतो, मधलाच आकडा आहे, एवढं काय. जाऊ द्यावं का? लवकर सांगा, तो उठला की फोन करणार आहे.

सह्यभटक्या
गुलमर्ग ना? आम्ही गेलो होतो. चालक सोबत असतो, घाबरू नका. भाड्याचे बूट आतून ओले नाहीत ना, तेवढं बघा.

औंधकर
घाबरू नका कसं म्हणता? फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्याच अफरवट शिखरावर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले.

सह्यभटक्या
मी सपाटीवरच्या फेरीबद्दल बोलतोय हो.

कॅल्गरी_रिटर्न
थांबा जरा. रात्री नऊला "उठला की" म्हणजे मुलगा भारतात नाही. कुठे आहे? चौघांकडे बीकन आहेत का?

वारजेकर_आई
हो, कॅनडा. लिहायचं राहिलं. कॅल्गरीत शिकतो, रेव्हेलस्टोकला जाणार आहेत. बीकन म्हणजे?

कॅल्गरी_रिटर्न
अंगावर बांधायचा रेडिओ. कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपला बीकन शोधण्यावर लावून त्याला हुडकतात. सोबत फावडं आणि बर्फात खुपसायची लांब सळई हवी, तीही प्रत्येकाकडे. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचायची आशा चांगली, पुढे झपाट्याने कमी होते. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही, मित्रांनीच खणायचं असतं.

आणि ताई, ३ म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत. ३ ला माणसाच्या किंवा गाडीच्या वजनाने बर्फाचा थर सुटायची दाट शक्यता असते. ४ दिसला की पुष्कळ जण घरी बसतात, ३ ला निघतात, आणि बरेच जीव ३ लाच जातात.

शनिवारपेठी
गाडीचा आवाज कमी ठेवायला सांगा. आवाजानेच बर्फ सुटतो.

कॅल्गरी_रिटर्न
आवाजाने नाही, वजनाने. खाली कमकुवत थर असला आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला की पुरे.

शनिवारपेठी
लहानपणापासून ऐकतोय, सगळे चूक का?

औंधकर
३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला तेव्हा कोण ओरडलं होतं?

शनिवारपेठी
ती पावसाने जड झालेली माती. बर्फाशी काय संबंध?

हडपसर_७२
ताई, विमा बघा. साहसी खेळ पॉलिसीतून वगळलेले असतात कधीकधी.

वारजेकर_आई
विम्याचं नंतर बघते. फोन झाला. चौघांत बीकन दोनच! म्हणतो, मोठे उतार चढणार नाही, जंगलातल्या आखलेल्या वाटेनेच जाऊ. मग चालेल ना?

कॅल्गरी_रिटर्न
वाट कुठल्या उताराखालून जाते त्यावर आहे. वरून सुटलेला बर्फ वाट ओळखत नाही. मार्च २०१० मध्ये रेव्हेलस्टोकजवळच बोल्डर माउंटनवर गाड्या उतार चढत होत्या आणि खाली बघ्यांची गर्दी होती. दोघे गेले, तीसेक जखमी. म्हणून चढताना एकेकाने, बाकीच्यांनी उताराखाली थांबायचं नाही. वर कुणाची गाडी रुतली तरी दुसऱ्याने गाडी घेऊन मदतीला जायचं नाही. अव्हलांश कॅनडा ही संस्था हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन काढते, ते चौघांनी पूर्ण वाचावं, नुसता आकडा नको. आणि बीकन नसलेल्या दोघांनी निघूच नये, हे माझं ठाम मत.

वारजेकर_आई
तिथे बीकन भाड्याने मिळतात का? तो आत्ता कॉलेजला निघतोय.

कॅल्गरी_रिटर्न
कॅल्गरीत मिळतात. आजच आणायला सांगा, आणि अंगणात एक बर्फात पुरून शोधून बघू देत. कधी हातात न घेतलेला बीकन ऐनवेळी कामाचा नाही.

वारजेकर_आई
हे सगळं त्याला पाठवते. परत फोन लावते.