शब्दचर्चा: ‘खुब्याची वाटी’ की ‘उखळी’?

विचारणा: नागपुरात रुग्णांसाठी माहितीपत्रक करायचं आहे. अपघातात ॲसिटॅब्युलम (खुब्याच्या सांध्यातला खळगा, ज्यात मांडीच्या हाडाचा गोळा बसतो) मोडल्यावर कोणते फोटो, म्हणजे एक्स-रे आणि सीटी, काढतात, ते मराठीत हवं. ‘खुब्याची वाटी’ चालेल का?

उत्तर: वाटी नको जी. वाटी फुटली म्हटलं की लोक गुडघ्याकडेच पाहतात. नुसतं ‘खुबा मोडला’ही नको, त्यातून मांडीच्या हाडाची मान मोडली असंच घरचे समजतात. शाळेच्या पुस्तकातला ‘उखळीचा सांधा’ सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ‘खुब्याची उखळी’ लिहा.

दुसरं उत्तर: फोटोंच्या नावांचं मात्र भाषांतर नको. नागपूरच्या मेडिकल रुग्णालयात जा की मेयोत, ‘पेल्विस एपी’ (कमरेच्या हाडांचा समोरून एक्स-रे) आणि ‘ज्युडे व्ह्यू’ (त्याच भागाचे तिरपे एक्स-रे) हेच शब्द कानावर पडणार. ज्युडेचे फोटो दोन, ऑब्चुरेटर ऑब्लिक आणि इलियाक ऑब्लिक; दोन्हींत रुग्णाला 45 अंश वळवतात. ऑब्चुरेटर ऑब्लिकला मोडलेली बाजू उचलतात. पुढचा कॉलम (उखळीला तोलणारा हाडाचा खांब) आणि मागची भिंत (उखळीची कड) दिसते. इलियाक ऑब्लिकला चांगली बाजू उचलतात. मागचा कॉलम आणि पुढची भिंत दिसते. दोन्हींना ‘तिरपा फोटो’ म्हटलं तर कुठली बाजू उचलायची हेच कळत नाही. दुखतं म्हणून रुग्ण पुरता वळत नाही, मग भिंतीची कड गोळ्याआड जाते. पाठीखाली फोमची पाचर द्यायची. रुग्णाऐवजी नळी तिरपी केली तर प्रतिमा ताणली जाते.

तिसरं उत्तर: खरा घोळ ‘आडवा’ या शब्दात आहे. ट्रान्सव्हर्स फ्रॅक्चरमध्ये उखळीचे वरचा आणि खालचा असे दोन भाग होतात. पण सीटीच्या आडव्या कापात (शरीराचा पातळ छेद दाखवणाऱ्या प्रतिमेत) त्याची रेघ पुढून मागे जाते, म्हणजे पडद्यावर उभी दिसते. कॉलम मोडला असेल तर त्याच कापात रेघ डावी-उजवी, आडवी! म्हणून ‘आडवा’ न लिहिता ‘वरचा व खालचा भाग वेगळा झाला’ असं लिहा.

कापाची जाडी 1 ते 2 मिमी हवी. 5 मिमीच्या कापांत सांध्यात अडकलेला बारीक तुकडा निसटतो. सांधा निखळला असेल तर तो बसवल्यावर सीटी करतात, ती याच तुकड्यांसाठी. थ्रीडीत मांडीचा गोळा वगळला की उखळी आतून दिसते; पण चित्र गुळगुळीत होताना न सरकलेली भेग बुजते, तेव्हा निर्णय कापांवरूनच.

विचारणा: कॉलमला ‘स्तंभ’ लिहू?

उत्तर: कागदावर ठीक, नातेवाइकांना ‘पुढचा आधार, मागचा आधार’ सांगा. ज्युडे आणि लेतुर्नेल या फ्रेंच हाडांच्या सर्जनांच्या 1964 च्या वर्गीकरणातले दहा प्रकार (पाच साधे, पाच मिश्र) याच आधारांवर आणि भिंतींवर उभे आहेत. पत्रकात ते सगळे नकोत. ताज्या अपघातात एमआरआय सहसा लागत नाही. ‘सीटीला सुई टोचतात का?’ याचं उत्तर मात्र टाकाच: नुसत्या हाडासाठी नाही, आत रक्तस्राव असल्याची शंका असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्त फोटोत दिसावं म्हणूनचं औषध) देतात.