जुनी पाणीयोजना सुधारायची आहे: अनुदानाची वाट पाहावी की कर्ज काढावे?

प्रश्न:
सुमारे 400 नळजोडण्यांच्या एका ग्रामीण पाणीयोजनेची मुख्य वाहिनी आणि पंप दोन्ही बदलायला आले आहेत. शहरात असा खर्च हजारो ग्राहकांत विभागला जातो. इथे तो पाणीपट्टीतून काढायचा म्हटले तर अनेक कुटुंबांना झेपणार नाही. पैसा कसा उभा करावा?

पहिले उत्तर:
अनुदान मिळत असेल तर अवश्य घ्यावे. मात्र ते बहुधा बांधकामासाठी असते, आणि वीजबिल, क्लोरीन, दुरुस्ती व पाणी सोडणाऱ्याचा पगार यांचा भार पाणीपट्टीवरच राहतो. कर्ज घेताना व्याजदराइतकीच मुदतही पाहावी. 6 टक्के व्याजाच्या 10 वर्षांच्या कर्जाचा वार्षिक हप्ता मुद्दलाच्या सुमारे 13.6 टक्के येतो, तर 30 वर्षांच्या कर्जाचा सुमारे 7.3 टक्के. अमेरिकेचे कृषी खाते 10,000 पर्यंत लोकसंख्येच्या ग्रामीण वस्त्यांना पाणीयोजनेसाठी 40 वर्षांपर्यंतच्या मुदतीने कर्ज देते. तिथेही गणित हेच आहे.

दुसरे उत्तर:
हप्ता जवळपास निम्मा होतो हे मान्य, पण 30 वर्षांत एकूण परतफेड मुद्दलाच्या दुपटीहून अधिक होते, हेही लोकांसमोर मांडले पाहिजे. शिवाय जमिनीखालची वाहिनी 50 वर्षे टिकू शकते, पंप मात्र साधारण 10 ते 15 वर्षांत थकतो. त्याचे कर्ज 30 वर्षांवर नेले, तर भंगारात गेलेल्या पंपाचे हप्ते भरत असतानाच नव्यासाठी पुन्हा हात पसरावे लागतील. म्हणून दीर्घ मुदत वाहिनीपुरतीच ठेवावी आणि पंपासाठी दरमहा पाणीपट्टीतूनच वेगळा निधी साठवावा. (हा निधी अडीअडचणीला वीजबिलात वळवला जाऊ शकतो, म्हणून खाते स्वतंत्रच असावे.)

तिसरे उत्तर:
कर्जाचा आकडा ठरवण्याआधी गळती मोजावी. मध्यरात्रीनंतर, पंप बंद आणि झडप उघडी ठेवून, टाकीची पातळी तासाभरात किती उतरते ते पाहावे. 5 मीटर व्यासाच्या गोल टाकीत 10 सेंटिमीटर उतार म्हणजे जवळजवळ 2,000 लिटर पाणी. त्या वेळी वापर नगण्य असतो, तेव्हा यातले बरेचसे पाणी जमिनीत मुरते आहे असे समजावे. गळती तशीच ठेवून मोठा पंप बसवला, तर वाढलेल्या दाबाने ती आणखी वाढेल आणि वीजबिलही.

प्रश्नकर्ता:
ही मोजणी आजवर केलेली नाही. सलग तीन रात्री ती करून मगच वाहिनीचा कोणता भाग बदलायचा ते ठरवू. कदाचित कर्ज केवळ तेवढ्याचेच लागेल.