मदत हवी आहे: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मित्रासोबत चिखलदऱ्यात दिवसभराची सपाट भटकंती

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच मित्र डिसेंबरात नागपूरहून चिखलदऱ्याला जायचं म्हणतोय. शुक्रवारी अमरावतीमार्गे परतवाडा गाठून मुक्काम, शनिवारी दिवसभर पायी फिरणं, रविवारी घरी. आमच्यातल्या एकाच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालायला डॉक्टरांची हरकत नाही, त्यालाही हुरूप आहे. अडचण आहे ती उताराची.

मागे सरावासाठी रामटेकला गेलो होतो. अंबाळा तलावाच्या काठाने गडी आमच्या पुढे चालत होता. गडावरून पायऱ्या उतरताना मात्र अंग आडवं करून, एक हात भिंतीला, आधी दुखरा पाय खाली, मग दुसरा, असा एकेक पायरी आला. चढताना काहीच झालं नव्हतं. तेव्हापासून कुठलीही जागा सुचली की आधी तिथला उतार किती, हेच बघतो. बी फॉलला पाण्यापर्यंत जायचं तर बऱ्याच पायऱ्या, म्हणून पचमढी बाद. पाताळकोट तर दरीत उतरल्याशिवाय कळतच नाही. चिखलदऱ्याचं गाव पठारावर, साधारण 1100 मीटरवर असल्यामुळे घाट गाडीनेच चढून होतो आणि वर पायी फिरता येतं, म्हणून ते पक्कं केलं.

सकाळी गाविलगड करायचा विचार आहे, आणि खरा प्रश्न तिथलाच आहे. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने गड घेतला तो उत्तरेच्या बाजूने, कारण बाकीच्या बाजूंना कडे आहेत. म्हणजे गावाकडची वाट सोपी असावी असा माझा अंदाज. पण बाहेरचा कोट फोडल्यावर आतल्या कोटाआधी एक घळ लागते, असं त्या लढाईच्या वर्णनांत येतं. ती घळ आज उतरून परत चढावी लागते का? दिल्ली दरवाज्यापर्यंत पायऱ्या किती, उंच की बसक्या? आतल्या तलावांकडे जाणाऱ्या वाटेवर डिसेंबरात गवत किती असतं? गवताखालचा दगड दिसला नाही तर त्याचा पाय मुरगळेल, ही मला मोठी धास्ती आहे.

दुपारनंतर मोथा गावाकडे स्ट्रॉबेरीची शेतं बघत रमतगमत तीन-चार किलोमीटर चालायचंय. गाड्यांची वर्दळ कमी असलेला रस्ता कोणता? मेळघाटचं जंगल लागूनच आहे, तेव्हा परवानगीशिवाय आडवाटेला शिरायचं नाही हे ठरलेलंच आहे. भीमकुंड आणि देवी पॉइंट वरूनच पाहू.

तो एव्हाना म्हणायला लागलाच आहे, "तुम्ही जा, मी गाडीत बसतो." तसं मला होऊ द्यायचं नाही. एखादी जागा गाळावी लागली तरी चालेल, पण जिथे जाऊ तिथे पाचही जण गेले पाहिजेत. त्यामुळे "थोडंसंच आहे, जमेल" यापेक्षा पायऱ्या आणि उतार मोजून सांगितलात तर फार उपकार होतील. गुडघ्याचं दुखणं घेऊन गाविलगड केलेलं कोणी असेल तर आवर्जून लिहा.

आणखी एक. परतताना बहिरमच्या यात्रेत हंडी मटण आणि रोडगे खायचा सगळ्यांचा आग्रह आहे. यात्रा सुरू झालेली सापडावी म्हणून डिसेंबरचा शेवटचा शनिवार धरलाय. पण त्या दिवसांत चिखलदऱ्यात गर्दी फार असेल, तर गडावर किती वाजता पोचलेलं बरं?