पस्तिसाव्या आठवड्यात अचानक रुग्णालय: माहेरीच थांबावे की कराडला मुक्काम हलवावा?

अबोली:
नमस्कार. पहिल्या बाळंतपणासाठी मी पाटण तालुक्यातील माहेरी आले असून मला पस्तिसावा आठवडा चालू आहे. परवा दुपारपासून बाळाची हालचाल जाणवेनाशी झाली, म्हणून संध्याकाळी वडिलांबरोबर कराडच्या एका रुग्णालयात गेले. एनएसटी (बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची तपासणी) चांगली आली, लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) नव्हते, परंतु रक्तदाब १४४/९२ भरला. रात्रभर देखरेखीखाली ठेवून सकाळी घरी सोडले आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. आईचे म्हणणे असे, की शेवटी शेवटी बाळाला जागा पुरत नाही, त्यामुळे ते शांत होतेच. घरापासून कराड तासाभरावर आहे आणि पावसात या रस्त्याचा भरवसा नसतो. कोणती लक्षणे दिसल्यास पुन्हा निघावे आणि मुक्काम कराडला मावशीकडे हलवावा का, याविषयी कृपया सल्ला द्यावा.

प्रसूतिकक्ष_परिचारिका:
अबोलीताई, तुम्ही त्याच संध्याकाळी गेलात हे फार योग्य केले. आईंचा समज घरोघरी ऐकू येतो. पण जागा कमी झाल्यावर लाथांऐवजी कूस बदलल्यासारखी, ढकलल्यासारखी हालचाल जाणवते, तिचे प्रमाण मात्र घटता कामा नये. शंका आली तर जेवणानंतर डाव्या कुशीवर शांत पडून पोटावर हात ठेवावा, आणि दोन तासांत दहा हालचाली मोजता आल्या नाहीत तर सकाळची वाट न पाहता निघावे.

एनएसटीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते, कारण ती चांगली आली की घरचे निर्धास्त होतात. पोटावर दोन पट्टे बांधतात, एक ठोक्यांसाठी आणि दुसरा कळांसाठी, आणि कागदावर ठोक्यांची रेघ साधारण ११० ते १६० यांच्या दरम्यान उमटत जाते. बाळ हलले की ती क्षणभर वर चढली पाहिजे. वीस मिनिटांत ती चढली नाही, तर बाळ झोपलेले असेल असे धरून आम्ही बाईला कूस बदलायला सांगतो आणि पट्टे आणखी वेळ ठेवतो. परंतु ही तपासणी बाळ त्या वेळी कसे आहे एवढेच सांगते. उद्या हालचाल पुन्हा मंदावली, तर परवाच्या कागदावर विसंबून घरी थांबू नका.

मला अधिक काळजी तुमच्या रक्तदाबाची वाटते. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा काही तासांच्या अंतराने पुन्हा आला, तर तो गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब धरतात, आणि आज अल्ब्युमिन नाही म्हणून पुढच्या आठवड्यातही नसेल असे नाही. दंडाला पट्टा बांधायचे डिजिटल यंत्र घरी आणा, पाच मिनिटे पाठ टेकून बसल्यावर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि आकडे वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधारी, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर अचानक आलेली सूज, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर आकडा कितीही असो, लगेच निघा. १६०/११० हा आकडा तर काहीही त्रास नसला तरी तातडीचाच समजावा, कारण झटके येण्याचा धोका असतो.

मुक्कामाविषयी माझे मत ठाम आहे: मावशींकडे जा.

घाटमाथा:
परिचारिकाताईंच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही रुग्णालय निवडताना तीनच प्रश्न विचारले होते: रात्री शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कोठून मिळते आणि बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर ती सोय त्याच इमारतीत आहे का. सदतीस आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागली तर तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. खर्चाची चिंता असेल तर सरकारी रुग्णालयाचाही विचार करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून तेथे सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि घरून नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. गाडीसाठी १०२ आणि आणीबाणीत १०८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला ठाऊक असू द्या.

अबोली:
दोघांचेही मनापासून आभार. आईला हे सर्व वाचून दाखवले. तिने स्वतःच मावशीला फोन केला आणि आम्ही उद्या सकाळी निघत आहोत. मीठ पूर्ण बंद करावे असे शेजारच्या काकू सांगतात, ते बरोबर आहे का? आणि बरोबर कोणते कागद ठेवावेत?

प्रसूतिकक्ष_परिचारिका:
मीठ पूर्ण बंद करण्याची गरज नाही. लोणचे-पापड टाळा, बाकी नेहमीचे जेवण घ्या आणि रक्तदाबाची गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नका. माता-बाल संरक्षण कार्ड, सर्व सोनोग्राफी, रक्तगटाचा अहवाल, परवाचे डिस्चार्ज कार्ड आणि एनएसटीचा कागद एकाच फाईलमध्ये लावा, आणि ती फाईल कपड्यांच्या पिशवीत तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन कधी दिले ते पहिल्या पानावरच लिहा. प्रसूतीनंतरही रक्तदाब वाढू शकतो, म्हणून ते यंत्र आणि वही पुढचे सहा आठवडे जवळच असू द्या.