पुरीहून एका दिवसात कोणार्क, धौली, लिंगराज, नंदनकानन सगळं होतं का? आई सोबत आहे

अनघा_डोंबिवली
डिसेंबरमध्ये पुरीला जातोय. मी, नवरा, चौथीतला मुलगा आणि माझी आई. आई ७२ ची आहे, गुडघे दुखतात पण चालते, फक्त पायऱ्या आल्या की वेळ लागतो. चारधामपैकी द्वारका आणि रामेश्वर बाबा असताना झालं, जगन्नाथ राहिला तो राहिलाच, त्यामुळे तिला दर्शन झालं की बाकी कशाचं काही पडलेलं नाही. पण एवढ्या लांब जाऊन कोणार्क न बघता यायचं हे माझ्या मनाला पटत नाही.

पुरीत तीन रात्री आहेत, शेवटच्या दिवशी संध्याकाळी भुवनेश्वरहून फ्लाइट. हॉटेलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला मॅडम एक दिवसाची बस आहे, सकाळी सहा-साडेसहाला निघते, चंद्रभागा बीच, कोणार्क, धौली, लिंगराज, उदयगिरी-खंडगिरीच्या गुंफा, नंदनकानन प्राणिसंग्रहालय सगळं दाखवून रात्री आठपर्यंत परत, स्वस्तात काम होतं. नवऱ्याचं मत बसने जाऊन टाकू, मला एवढं एका दिवसात झेपेल असं वाटत नाहीये. जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा. आणि मुलाला कंटाळा येणार नाही असं काय आहे तिथे?

भटक्या_पुणे
बस नको. कारण सांगतो. पुरी ते कोणार्क ३५ किमी, कोणार्क ते भुवनेश्वर ६५ च्या आसपास, नंदनकानन त्याच्याही पुढे २० किमी, आणि तिथून परत पुरी, म्हणजे २०० किमी नुसता प्रवास आणि त्यात सहा ठिकाणी चढउतार. आईंना प्रत्येक ठिकाणी बसमधून उतरायचं, घाईघाईत चालायचं, परत चढायचं, गुडघ्यांचं काय होईल बघा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे तिकडे सूर्य आपल्यापेक्षा पाऊण-एक तास लवकर मावळतो. डिसेंबरात पाच-सव्वापाचला सूर्यास्त, साडेपाचला अंधार पडायला लागतो. आपण मुंबई-पुण्याच्या हिशोबाने 'सहापर्यंत उजेड आहे' असं धरून चालतो आणि शेवटची दोन ठिकाणं पळत पळत उरकावी लागतात. उलट सकाळ लवकर होते त्याचा फायदा घ्या.

कोणार्कला फक्त कोणार्क ठेवा, स्वतंत्र गाडी करा, पहाटे निघा. पुरी-कोणार्क मरीन ड्राइव्हचा रस्ता बालुखंड अभयारण्यातून जातो, दोन्ही बाजूंना सुरू आणि काजू, आपल्या कोकणातल्यासारखंच वाटतं, सकाळी लवकर असाल तर चितळ दिसायची शक्यता असते, पोरगं खूश. वाटेत कुशभद्रा नदीच्या मुखाशी रामचंडीचं देऊळ आहे, तिथे थांबा, एका बाजूला नदी एका बाजूला समुद्र, आईंना बसायलाही बरं.

आणि कोणार्कला परवानाधारक गाइड घ्याच. २४ चाकं आहेत, प्रत्येक चाकाला ८ जाड आणि ८ बारीक आरे. गाइड चाकाच्या आसाजवळ बोट धरतो, सावली कडेच्या कोरलेल्या मण्यांवर पडते आणि तो मणी मोजून किती वाजले ते सांगतो. दोन जाड आऱ्यांमध्ये तीन तास, मधला बारीक आरा म्हणजे दीड तास, असा हिशोब. मुलाला घड्याळ हातात घालून न्या आणि त्यालाच ताळा करू द्या. फक्त त्याला ऊन पाहिजे, ढगाळ असेल तर नाही होत.

सुनंदा_मावशी
मी थोडं वेगळं सांगते. आम्ही भिशीच्या बायका गेलो होतो, सगळ्या साठीच्या पुढच्या, आणि त्याच बसने गेलो. परवडतं, हिंदी बोलणारा माणूस सोबत असतो, गाडीवाल्याशी घासाघीस करावी लागत नाही, आणि ज्यांना परत कधी जायला मिळणार नाही त्यांना सगळं डोळ्यांखालून जातं. सगळ्यांनाच वेगळी गाडी परवडते असं नाही.

पण अनघा, तुझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणतेस तर नको नेऊस. लिंगराजला आम्ही ऐन दुपारी पोचलो तर भोगासाठी दर्शन थांबलेलं, बसवाला थांबेना, बाहेरूनच कळसाला हात जोडले. आमच्यातल्या एकीला फार लागलं ते, ती शंकराची भक्त. आणि नंदनकानन एवढं मोठं आहे की दिलेल्या वेळात पांढरे वाघ बघून झाले की गेटकडे पळायचं.

आईसाठी एकच सांगते, महाप्रसाद देवळाच्या आवारातच आनंदबाजारात बसून घ्या, हॉटेलवर मागवू नका. मातीच्या मडक्यांत चुलीवर शिजवतात, मडक्यावर मडकं रचून, आणि तीच मडकी तशीच आपल्यासमोर आणून फोडतात. भात, डाळ, बेसर, साग, खीर, सगळं केळीच्या पानावर. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा टोमॅटोसुद्धा नाही, तरी ती डाळ मी अजून विसरले नाहीये. जगन्नाथाला दाखवून मग विमलादेवीला दाखवला की त्याचा महाप्रसाद होतो. तिथे कोण कुठल्या जातीचं हे कोणी विचारत नाही, शेजारी बसेल त्याच्याबरोबर जेवायचं. माझ्या सासूबाई आयुष्यभर सोवळं पाळणाऱ्या, त्यासुद्धा तिथे मांडी घालून अनोळखी माणसांत जेवल्या होत्या. भाव आधी ठरवा, दुपारी गर्दी असते.

वऱ्हाडी_नागपूर
कोणार्कला जायच्या आधी पुरीत एक गोष्ट नक्की बघा, मग कोणार्क जास्त समजतं. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर जो उंच काळा खांब आहे ना, अखंड दगडाचा, सोळा बाजूंचा, वर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलाय, तो अरुणस्तंभ मुळात कोणार्कचा. तिथे सूर्यमंदिराच्या पूर्वेच्या दारासमोर उभा होता. कोणार्कची पूजा बंद पडलेली, देऊळ ढासळत चाललेलं, मग १८ व्या शतकात मराठ्यांच्या अमलात तो पुरीला आणून उभा केला. १७५१ ला बंगालचा नवाब अलिवर्दीखानाबरोबर तह होऊन ओडिशा आमच्या नागपूरकर भोसल्यांकडे आलं ते १८०३ ला इंग्रजांनी घेईपर्यंत. म्हणजे पन्नासेक वर्षं पुरीच्या देवळाचा कारभार, यात्रेची व्यवस्था नागपूरच्या हाताखाली होती. महाराष्ट्रातून एवढी माणसं दर्शनाला जातात आणि त्या खांबाजवळ चपला काढून पुढे निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन मिनिटं थांबून मुलाला दाखवा, मग दुसऱ्या दिवशी कोणार्कला त्याला विचारा, सारथी कुठे गेला?

कोणार्क १३ व्या शतकातलं, गंग घराण्यातल्या पहिल्या नरसिंहदेवाने बांधलेलं. मुख्य शिखर पडलंय, आज जे उंच दिसतं तो जगमोहन, पुढचा मंडप. तो पडू नये म्हणून इंग्रजांनी १९०३ मध्ये आतून वाळू भरून दारं बंद केली, त्यामुळे आत जाता येत नाही, सगळं बाहेरून फिरूनच बघायचं. आईंना त्यामुळे फार चढायचं कामच नाही. मुलासाठी, जोत्यावर खाली अगदी त्याच्या उंचीला हत्तींची रांगच्या रांग कोरलीय, एकासारखा दुसरा नाही. आणि एका ठिकाणी राजासमोर जिराफ आणलेला दाखवलाय, ओडिशात जिराफ! गाइडला विचारून शोधायला लावा. मिथुनशिल्पांची काळजी करू नका, आम्हीही पोरांना घेऊन गेलो, पोरं हत्तींतच रमली.

ऋजुता_भुवनेश्वर
आम्ही नोकरीमुळे इथेच राहतो, नातेवाईक आले की त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून लिहिते. तुमची फ्लाइट संध्याकाळची आहे ना, मग भुवनेश्वरची ठिकाणं शेवटच्या दिवशी पुरीहून सामान घेऊन निघाल्यावर करा, त्यासाठी परत पुरीला यायचंच नाही. पुरी-भुवनेश्वर ६० किमी, वाटेत पिपिली, तिथे चांदव्याचं काम मिळतं, रंगीत कापडाचे तुकडे शिवून केलेल्या छत्र्या, कंदील. रथयात्रेच्या रथांवर जे कापड असतं ते याच कारागिरांचं.

मग धौली. इथे सगळे थेट वर शांतिस्तूपाला जातात, तो १९७२ चा, छान आहे, पण खरी धौली खाली रस्त्याच्या कडेलाच आहे. अशोकाचा शिलालेख, आणि वर खडकातून अर्धा बाहेर आलेला हत्ती. समोर दया नदी. कलिंगाचं युद्ध झालं ते इथल्याच मुलखात, आणि युद्धाच्या पश्चात्तापाचा जो प्रसिद्ध तेरावा लेख आहे तो नेमका इथे कोरलेला नाही, त्याच्याऐवजी कलिंगाच्या लोकांसाठी वेगळे लेख आहेत, त्यात तो म्हणतो की सगळी माणसं माझी लेकरं आहेत. ज्यांची माणसं मारली त्यांना त्यांच्याच गावात हे वाचायला ठेवलं होतं, मला तिथे उभं राहिलं की दर वेळी पोटात तुटतं. शिलालेखाला पायऱ्या फारशा नाहीत, आई आरामात येतील.

लिंगराज सकाळच्या वेळात गाठा, म्हणजे मावशींसारखं होणार नाही. उदयगिरीला सगळा डोंगर चढू नका, राणी गुंफा खालीच आहे, दुमजली, तेवढी बघितली तरी पुष्कळ. हाथीगुंफेत खारवेल राजाचा लेख आहे पण त्यासाठी वर जावं लागतं, तिथे नवरा आणि मुलगा जातील. नंदनकानन मात्र सोडा. त्यालाच अख्खा दिवस लागतो.

आणि एक संध्याकाळ पुरीच्या देवळासमोर राखून ठेवा, सूर्यास्ताच्या सुमाराला कळसावरचा ध्वज बदलतात. चुनरा सेवक हातापायांच्या आधाराने नीलचक्रापर्यंत, म्हणजे कळसावरच्या चक्रापर्यंत चढतो, साधारण ६५ मीटर, कमरेला दोर वगैरे काही नाही. बाहेर रस्त्यावरून दिसतं, आत जायची गरज नाही. अख्खा रस्ता माना वर करून उभा असतो.

अनघा_डोंबिवली
तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खूप आभार. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, बस रद्द. आता असं ठरवतोय: पहिला दिवस फक्त दर्शन, महाप्रसाद आणि ध्वज, दुसऱ्या दिवशी कोणार्क, तिसऱ्या दिवशी काय करावं कळत नाहीये, चिल्का की रघुराजपूर? आणि पंड्यांबद्दल फार ऐकलंय, आईला कोणी धरून बसलं तर ती नाही म्हणू शकत नाही. आत २२ पायऱ्या आहेत ना?

ऋजुता_भुवनेश्वर
हो, सिंहद्वारातून आत गेलं की बाईस पहाच, २२ पायऱ्या, पण रुंद आहेत, एकेक करत गेलं की होतं. पहाटे लवकर जा, गर्दी कमी. मोबाइल आणि चामड्याचं काही आत चालत नाही, पाकीट पट्टासुद्धा, ते हॉटेलवरच ठेवा म्हणजे काउंटरच्या रांगेत उभं राहायला नको. पैसे आईंकडे देऊच नका, तुमच्याकडे ठेवा, आणि पंडा केलात तर किती देणार ते बाहेरच स्पष्ट बोलून घ्या, आत गेल्यावर वाढवायचं नाही. त्यांच्याकडे प्रांताप्रांताप्रमाणे जुन्या वह्या असतात, तुमच्या घरचं कोणी पूर्वी येऊन गेलं असेल तर नाव सापडू शकतं, आईंना आवडेल ते.

तिसऱ्या दिवशी रघुराजपूर. पुरीपासून १२-१५ किमी. घरोघरी चित्रकार आहेत, कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी लावून पट्टचित्राचा पट तयार करतात, ओसरीवर बसून रंगवत असतात, मुलाला ताडपत्रावर कोरतानाही बघायला मिळेल. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्रा याच गावचे. अर्ध्या दिवसात होतं, दुपारी आई आराम करतील. विकत घ्यायचं असेल तर थेट त्या घरातूनच घ्या.

भटक्या_पुणे
चिल्काला सातपाडा ५० किमी आहे, इरावदी डॉल्फिन दिसतात, पण बोटीत तासन् तास बसावं लागतं, चढ-उतार अवघड. आईंसाठी नको. गेलातच तर बेटावर कोणी शिंपला फोडून मोती काढून दाखवला तर घेऊ नका, तो आधीच आत घातलेला असतो.

समुद्रात मुलाला एकटं सोडू नका. पुरीच्या लाटा दिसतात त्यापेक्षा फार जोरात ओढतात. टोकदार पांढरी टोपी घातलेले नुलिया, म्हणजे जीवरक्षकाचं काम करणारे कोळी असतात किनाऱ्यावर, त्यांचा हात धरूनच आत जायचं.

किरण_इचलकरंजी
मध्येच विचारतो, आम्ही जूनमध्ये जायचं म्हणतोय, काही अडचण?

सुनंदा_मावशी
तारखा बघून जा. ज्येष्ठी पौर्णिमेला देवांना स्नान घालतात, मग देव आजारी पडतात असं मानतात आणि पुढचे १५ दिवस, रथयात्रेच्या आदल्यापर्यंत दर्शनच नसतं, अनसर म्हणतात त्याला. त्या दिवसांत लोक ब्रह्मगिरीला अलारनाथाचं दर्शन घेतात, सातपाड्याच्या रस्त्यावरच आहे, तिथली खीर प्रसिद्ध आहे. तिकीट काढायच्या आधी पंचांग बघा.

ऋजुता_भुवनेश्वर
अनघा, अजून एक, मुलाने नंदनकाननचा हट्ट धरलाच तर वार बघून ठरवा, सोमवारी बंद असतं. आणि खाजा घरी न्यायचा असेल तर निघायच्या आदल्या संध्याकाळी घ्या, ताजा मिळतो आणि आठवडाभर टिकतो.