मदत हवी आहे : करमुक्ती काढून घेणाऱ्या तरतुदीविरुद्ध मंडळाच्या नावाने पत्र लिहावे का?

सस्नेह नमस्कार. न्यू जर्सीतील एका छोट्या मराठी मंडळाचा मी खजिनदार आहे. आमची नोंदणी ५०१(सी)(३) (धर्मादाय संस्थांना करमुक्ती देणारे अमेरिकी करकायद्यातील कलम) खाली असल्याने देणगीदारांना करवजावट मिळते. गणपतीच्या पावतीपुस्तकात प्रत्येक पावतीच्या तळाशी तसे छापलेले असते.

२१ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २१९ विरुद्ध १८४ मतांनी संमत केलेल्या एचआर ९४९५ या विधेयकात, एखाद्या संस्थेला ‘दहशतवादाला साहाय्य करणारी’ ठरवून तिची करमुक्ती काढून घेण्याचा अधिकार अर्थमंत्र्यांना देण्याची तरतूद होती. नोटीस मिळाल्यावर ९० दिवसांत आपण निर्दोष असल्याचे संस्थेनेच पटवून द्यायचे, आणि पुरावा मात्र राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली तिला दाखवला जाईलच असे नाही, हे मला सर्वांत खटकते. (दहशतवादाला साहाय्य करणे हा आधीपासूनच गुन्हा आहे; मग ही वेगळी तरतूद कशाला?) सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही, मे २०२५ मध्ये तीच तरतूद मोठ्या कर-विधेयकाच्या मसुद्यात शिरली आणि नंतर वगळली गेली. ती पुन्हा येईल, असे मला वाटते.

उमेदवाराचा प्रचार आम्हांला पूर्णपणे निषिद्ध असला, तरी कायद्याविषयी मर्यादित लॉबिंग (लोकप्रतिनिधींकडे आपली बाजू मांडणे) करता येते. कार्यकारिणीत मात्र ‘विषाची परीक्षा कशाला?’ असाच सूर आहे. आपल्यापैकी कोणाच्या मंडळाने लॉबिंगसाठी फॉर्म ५७६८ (लॉबिंगची मर्यादा खर्चावरून मोजली जावी, हा पर्याय निवडण्याचा करखात्याचा अर्ज) भरला आहे का? सिनेटरला पत्र मंडळाच्या लेटरहेडवर पाठवावे, की सभासदांनी व्यक्तिशः? कोणाकडे अशा पत्राचा मसुदा असल्यास कृपया द्यावा. कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी आहे.